चौकातील वर्तुळ आणि कॅमेऱ्याची साक्ष

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी मला बोलावणे आले होते. गावाच्या मुख्य चौकात जुने वाहतूक बेट आहे. चार रस्ते तेथे मिळतात, एका अंगाला एस.टी. स्थानकाचे फाटक आहे आणि थोड्याच अंतरावर शाळा. संध्याकाळी हा चौक तुंबत असे. ‘सर्कल’ काढून टाकावे आणि सिग्नल बसवावेत, असा ठराव होण्याच्या बेतात होता. एका पक्षाचे म्हणणे, बेट अडचण करते. दुसऱ्याचे म्हणणे, बेट आहे म्हणून तरी वाहने हळू जातात. दोन्हीकडे तावातावाने बोलणारी माणसे होती, परंतु चौकात प्रत्यक्ष काय घडते हे तासभर उभे राहून पाहिलेला माणूस मात्र त्या बैठकीत एकही नव्हता. आजचा माझा विषय हा असा पाहण्याचा आहे. रस्त्याकडेच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रफितीवरून वर्तुळाकार चौकातील वाहतुकीचा अभ्यास कसा करतात, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, एवढेच मी सांगणार आहे.

वर्तुळाचा इतिहास थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलमध्ये 1905 साली आणि पॅरिसच्या एत्वाल चौकात 1907 साली वाहने एकाच दिशेने गोल फिरविण्याची पद्धत आली. इंग्लंडमधील लेचवर्थ या उद्याननगरीत 1909 च्या सुमारास असा चौक झाला. आपल्याकडे नव्या दिल्लीची आखणी अशा वर्तुळांनी भरलेली आहे आणि मुंबईच्या माटुंग्यातील किंग्ज सर्कल, म्हणजे आजचे महेश्वरी उद्यान, आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. परंतु या जुन्या वर्तुळांना एक व्याधी होती. शिरणाऱ्या वाहनाने थांबावे की फिरणाऱ्याने, याचा पक्का नियम नव्हता. शिरणारे शिरत राहिले की वर्तुळ भरते. ते भरले की बाहेर पडू पाहणाऱ्याला आपल्या फाट्यापर्यंत पोचताच येत नाही, आणि बाहेर कोणी पडत नाही म्हणून आत जागा होत नाही. वर्तुळ स्वतःच स्वतःला कुलूप लावून घेते.

ब्रिटनने 1966 साली यावर साधा उपाय केला. वर्तुळात शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्यास, म्हणजेच आधीपासून फिरत असलेल्यास, वाट द्यावी. एवढ्या नियमाने अनेक चौकांचे रूप पालटले. फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने पुढे याच नियमाच्या बळावर अगदी छोटी वर्तुळेही यशस्वी करून दाखविली. आपल्याकडील 1989 च्या रस्त्याच्या नियमांसंबंधीच्या विनियमांतही उजवीकडून येणाऱ्यास वाट देण्याचे तत्त्व होते. त्यांची जागा 2017 च्या विनियमांनी घेतली, तरी तत्त्व पुसले गेलेले नाही. प्रत्यक्षात आपल्या चौकांत ‘जो आधी तोंड घालील त्याचा रस्ता’ हाच नियम चालतो, हे मी आपणांस सांगावयास नको.

वर्तुळ काढण्याची घाई करू नये असे मी म्हणतो त्याला कारण आहे. साध्या चार रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग परस्परांस 32 ठिकाणी छेदतात किंवा मिळतात. एकपदरी वर्तुळात अशी ठिकाणे केवळ 8 असतात, आणि समोरासमोर किंवा काटकोनात जोरात आदळण्याची शक्यता जवळजवळ नाहीशी होते. उलट वर्तुळाची क्षमता अमर्याद नाही, हेही खरे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1976 च्या मार्गदर्शनात सर्व बाजूंनी मिळून तासाला 3000 वाहनांपर्यंतच वर्तुळ उपयोगी समजावे असे म्हटले होते. तेव्हा प्रश्न मोजण्याचा आहे, आणि मोजणे दिसते तेवढे सोपे नाही.

सार्वजनिक बांधकाम खात्यातील मंडळींना वाहतूक गणना ठाऊक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1972 च्या मार्गदर्शनानुसार वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, अहोरात्र मोजणी करावयाची असते. रस्त्याकडेला बसलेला मोजणीकार चार उभ्या रेघा ओढतो, पाचवी आडवी मारतो. सरळ रस्त्यावर हे काम नीट होते. वर्तुळावर ते अडते. कारण तेथे केवळ किती वाहने आली एवढे कळून भागत नाही. कोणत्या रस्त्याने आलेले वाहन कोणत्या रस्त्याने गेले, हे कळावे लागते. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. चार रस्ते आहेत. आल्या पावली परतणारी वाहने सोडली, तर येण्याजाण्याच्या 12 जोड्या होतात. चारही तोंडांवर येणारी आणि जाणारी वाहने मोजली तर 8 आकडे मिळतात, पण येणाऱ्यांची बेरीज जाणाऱ्यांच्या बेरजेइतकीच असल्याने त्यांतील 7 च स्वतंत्र. वर्तुळात एका ठिकाणी फिरणारी वाहने मोजली तर आणखी एक. म्हणजे 8 समीकरणे आणि 12 अज्ञाते! कितीही प्रामाणिक मोजणीकार बसविले तरी हे कोडे केवळ बेरजांनी सुटणार नाही. पूर्वी यासाठी प्रत्येक फाट्यावर माणूस बसवून वाहनांचे क्रमांक टिपून घेत आणि मागाहून ते जुळवीत बसत. एका संध्याकाळच्या जुळवणीला कित्येक दिवस लागत.

कॅमेरा येथे उपयोगी पडतो. ही कल्पनाही नवीन नाही. अमेरिकेतील ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी 1930 नंतरच्या दशकाच्या आरंभीच चलच्चित्राच्या कॅमेऱ्याने ठराविक अंतराने रस्त्याची चित्रे घेऊन वाहनांचा वेग आणि त्यांची दाटी यांचा संबंध शोधला होता. आज फरक एवढाच की, चित्रामागून चित्र डोळ्यांनी तपासण्याचे काम संगणक करतो. चित्रफितीत दर सेकंदाला साधारणतः 25 चित्रे असतात. संगणकाची आज्ञावली प्रत्येक चित्रात वाहने ओळखते, त्यांच्याभोवती चौकट आखते आणि एका चित्रातील चौकट पुढच्या चित्रातील कोणत्या चौकटीशी जुळते ते ठरविते. अशा रीतीने प्रत्येक वाहनाचा वर्तुळातील मार्ग रेषेसारखा हाती येतो. ती रेषा पूर्वेच्या फाट्यावर सुरू झाली आणि दक्षिणेच्या फाट्यावर संपली, की आपले एक अज्ञात सुटले.

परंतु चित्रातील अंतर म्हणजे जमिनीवरचे अंतर नव्हे. कॅमेऱ्याजवळचा एक मीटर मोठा दिसतो, पलीकडचा लहान. म्हणून रस्त्यावर किमान चार ठळक खुणा निवडून त्यांतील अंतरे फितीने मोजावी लागतात आणि त्यांवरून चित्र व जमीन यांचा मेळ बसवावा लागतो. मग हिशेब सरळ आहे. एखाद्या वाहनाने 10 मीटर कापण्यास 50 चित्रे घेतली, तर 2 सेकंद झाले. वेग सेकंदाला 5 मीटर, म्हणजे ताशी 18 किलोमीटर. फीत धरण्याचे हे काम दोन शिपाई पहाटेच्या निवांत वेळी अर्ध्या तासात करतात. ते न केल्यास पुढचा सारा खटाटोप व्यर्थ आहे, आणि नेमके तेच टाळले जाते.

कॅमेरा कोठे ठेवावा, यालाही विचार लागतो. तो जितका उंच तितका बरा. पाण्याची टाकी, वसतिगृहाची गच्ची, पंचायतीच्या इमारतीचा दुसरा मजला, कोणतेही ठिकाण चालेल. खाली ठेवलेल्या कॅमेऱ्यापुढे एक एस.टी. आली की तिच्याआड चार दुचाक्या नाहीशा होतात, आणि आज्ञावलीच्या हिशेबी त्या जन्मल्याच नाहीत असे होते. आपल्या चौकांची आणखी एक अडचण परदेशी पुस्तकांत सापडत नाही. आपल्या वर्तुळाच्या मध्यभागी बहुधा पुतळा असतो, त्याला चौथरा असतो, भोवती झाडे असतात, आणि जयंतीच्या दिवसांत कमानी व फलकही लागतात. पलीकडचा फाटा एका कॅमेऱ्याला दिसतच नाही. तेथे समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन कॅमेरे ठेवावेत आणि दोहोंची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवून घ्यावीत. जर्मनीतील आखेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली वरून उडणाऱ्या ड्रोनने वर्तुळांचे चित्रण करून तेरा हजारांहून अधिक वाहने व पादचारी यांचे मार्ग प्रसिद्ध केले. वरून पाहिल्यास आडोशाचा प्रश्न मिटतो. मात्र ड्रोनची विद्युतघटमाला फार तर अर्धा-पाऊण तास टिकते, परवानगीही लागते. आणि आपल्याला तर बाजाराचा अख्खा दिवस हवा असतो.

आता मी एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. यंत्र जे शिकले तेच त्याला दिसते. वस्तू ओळखणाऱ्या पुष्कळ आज्ञावल्या ‘कोको’ नावाच्या चित्रसंग्रहावर तयार झालेल्या आहेत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात 80 प्रकारच्या वस्तू आहेत. त्यांत मोटार, बस, ट्रक, मोटारसायकल आणि सायकल आहेत. हत्ती आहे, जिराफही आहे. पण रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही आणि बैलगाडी नाही. अशी आज्ञावली जशीच्या तशी आपल्या चौकात आणून बसविली, तर रिक्षा कधी मोटार ठरते, कधी ट्रक. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला, की त्याचे कधी एक वाहन होते, कधी तीन. उसाची बैलगाडी आली तर दोन जनावरे तेवढी नोंदली जातात, गाडी हवेत विरते. यात हसण्यासारखे असले तरी परिणाम हसण्यासारखा नाही. कारण रस्त्याची क्षमता ठरविताना प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या तुलनेत मोल धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शनात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे हे मोल, तिचे एकूण वाहतुकीतील प्रमाण पाच टक्के असेल तर 4 आणि दहा टक्के वा अधिक असेल तर 5 धरलेले आहे. ट्रॅक्टरला मोटार समजले, तर चार मोटारींची जागा व्यापणारे वाहन कागदावर एका मोटारीएवढे उरते. सहा महिने ऊस वाहणाऱ्या गावाच्या चौकाचे भवितव्य अशा आकड्यांवर ठरणार असेल, तर ते कोणी तपासले, हे विचारण्याचा पंचायत सदस्यांस पूर्ण अधिकार आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून 2025 साली आपल्या वाहनांचे स्वतंत्र वर्ग करून चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला आहे, ही समाधानाची बाब आहे. पण बंगळूरचा रस्ता म्हणजे ऊसपट्ट्यातील रस्ता नव्हे.

तपासण्याचा उपाय सोपा आहे. चित्रफितीतील कोणतीही पंधरा-पंधरा मिनिटे चार-पाच ठिकाणची निवडावीत: सकाळची, भर दुपारची, संध्याकाळच्या गर्दीची, आणि दिवे लागल्यानंतरची एक तरी. शाळेच्या वरच्या वर्गातील मुलांना ती दाखवून हाताने मोजावयास सांगावीत. दोन मुलांचे आकडे आधी एकमेकांशी ताडावेत आणि मग यंत्राशी. मी सांगितलेल्या गावी हे आम्ही केले. दिवसाच्या मोजणीत यंत्र मुलांच्या बऱ्यापैकी जवळ होते. अंधार पडल्यावर मात्र समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात त्याला दुचाकी आणि मोटार यांतील भेद कळेना. एका मुलीने मास्तरांना विचारले, “सर, मग रात्रीचा आकडा खोटाच का?” खोटा नव्हे, पण वापरण्याजोगाही नव्हे. आम्ही तो अहवालातून गाळला आणि गाळला असे लिहिले.

मोजणीतील आणखी एक फसगत अनुभवी माणसांचीही होते. कोंडी झाली की मोजणीचा आकडा वाढतो असे आपण धरून चालतो. वास्तविक तो घटतो! मोजणीरेषा ओलांडून गेलेलीच वाहने मोजली जातात. रांगेत अडकलेली मोजली जात नाहीत. वर्तुळाला कुलूप लागले की तासाचा आकडा खाली येतो आणि कागदावर वाटते, आज वाहतूक कमी होती. म्हणून कॅमेऱ्याच्या कक्षेत केवळ वर्तुळ धरून भागत नाही. प्रत्येक फाट्यावरची रांग कोठपर्यंत गेली, तेही दिसले पाहिजे. दिसत नसेल तर एक माणूस वही घेऊन रांगेच्या शेपटाशी उभा करावा आणि दर पाच मिनिटांनी विजेचा कितवा खांब आला ते लिहून घ्यावे. यापेक्षा स्वस्त उपकरण मला माहीत नाही.

परंतु चित्रफितीचा खरा उपयोग वाहने मोजण्यापलीकडचा आहे असे मला वाटते. आपल्याकडे 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. अपघातप्रवण स्थळ कोणते, हे ठरविण्याची राष्ट्रीय महामार्गांवरील कसोटी अशी की, सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापत झालेले 5 अपघात व्हावेत, किंवा 10 मृत्यू व्हावेत. कसोटी ठरविणाऱ्यांना मी दोष देत नाही. खर्चाला काही क्रम लावावाच लागतो. पण तिचा अर्थ असा होतो की, माणसे मेल्यावाचून चौकाची फाईल हलत नाही. चित्रफीत इतकी वाट पाहत नाही. थोडक्यात चुकलेल्या अपघातांचीही ती नोंद ठेवते. अमेरिकेत पर्किन्स आणि हॅरिस यांनी 1968 च्या सुमारास अशा प्रसंगांची पद्धतशीर मोजणी सुरू केली. अशा प्रसंगांची एक सोपी कसोटी आज रूढ आहे. सायकलस्वार एका जागेवरून गेला आणि त्याच जागेवर बस किती वेळाने पोचली, तेवढा काळ मोजावयाचा. एक-दीड सेकंदाच्या आत पोचली, तर प्रसंग गंभीर. दीड सेकंद म्हणजे चित्रफितीतील 37-38 चित्रे. तेव्हा मोजण्यात संदिग्धता राहत नाही. असे प्रसंग वर्तुळाच्या कोणत्या तोंडाशी, कोणत्या वेळी गोळा होतात ते नकाशावर टिंबांनी दाखविले, की शाळा सुटण्याची वेळ आणि एस.टी. सुटण्याची वेळ यांचा संबंध कोणाही पालकास दिसतो.

आणि पादचारी? क्षमतेच्या सूत्रात रस्त्याची रुंदी आहे, वाहनांच्या गुंफणीचा भाग आहे, लांबी आहे. पण कडेला उभी असलेली, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेतलेली बाई त्यात नाही. वाहने न थांबता वाहती राहिली म्हणजे वर्तुळ यशस्वी, आणि नेमके तेव्हाच तिला ओलांडता येत नाही. चित्रफितीवर तिचा थांबण्याचा काळही मोजता येतो. मात्र तो मोजा असे कोणी तरी आधी सांगावे लागते. तसे कोणी सांगत नाही, म्हणून येथे आवर्जून सांगतो.

एक खबरदारी. चित्रफितीत माणसांचे चेहरे आणि वाहनांचे क्रमांक येतात. 2023 साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत झालेला आहे. पण कायदा नसता तरी कोण कोणाच्या गाडीवर बसून कोठे गेले, हे गावाला दाखविणे आपले काम नव्हे. अभ्यासाला चेहऱ्याची गरज पडत नाही. कॅमेरा उंच आणि लांब ठेवला की चेहरे आपोआप अस्पष्ट होतात. वाहनांचे मार्ग काढून झाले की मूळ फीत किती दिवसांनी आणि कोणाच्या सहीने पुसावयाची, हे काम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे. चौकात फलकही लावावा. त्या गावी फलक लावल्यावर पहिल्या दिवशी शिरस्त्राण घातलेली डोकी एकाएकी वाढली! दंड होणार नाही, हे लोकांना पटेपर्यंत दोन दिवस गेले, म्हणून आम्ही तिसऱ्या दिवसापासूनचीच चित्रे धरली.

आता त्या चौकाचे काय झाले ते सांगतो. चित्रफीत आम्ही नगरपरिषदेच्या सभागृहात भिंतीवर लावली, आणि कुलूप लागण्याच्या क्षणापासून मागे मागे नेत गेलो. बेट मोठे आहे म्हणून कोंडी होत नव्हती. वाहने प्रमाणाबाहेर होती असेही नव्हते. पूर्वेच्या फाट्यातून बाहेर पडल्यावर लगेच, वर्तुळाच्या तोंडाशीच, वडापच्या जीपगाड्या उतारू घेण्यासाठी उभ्या राहत. एक उभी राहिली की मागची एस.टी. अर्धी फाट्यात आणि अर्धी वर्तुळात अडके, आणि तिच्यामागे दीड-दोन मिनिटांत सारे वर्तुळ भरे. दर वेळी तेच, त्याच क्रमाने. सिग्नल बसविले असते तरी जीप तेथेच उभी राहिली असती. सभागृहात काही वेळ कोणी बोलले नाही. मग एक सदस्य म्हणाले, “अहो, ही तर आमच्याच पाहुण्यांची गाडी.”

ठराव बारगळला. वडापचा थांबा पुढे शाळेच्या कुंपणापलीकडे हलविण्यात आला आणि चौक मोकळा राहू लागला. जूनपर्यंत तो तसा राहिला. पावसाला सुरुवात झाली तेव्हा उतारू पुन्हा जुन्या जागी, दुकानांच्या पत्र्याखाली उभे राहू लागले, आणि त्यांच्यामागोमाग जीपगाड्याही परतल्या. नव्या थांब्यावर निवारा नव्हता. थांब्याची जागा ठरविताना तो आम्हांला सुचलाही नव्हता, कारण चित्रण झाले होते फेब्रुवारीत. निवाऱ्याचा प्रस्ताव मागाहून गेला. मी शेवटचे त्या गावी गेलो तेव्हा पायाचे चार खड्डे खणून झाले होते.

 चित्रफितीचा काही भाग सोबत आणलेला आहे. चहानंतर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी पुढच्या रांगांत यावे, पडदा लहान आहे.